दोंग याऊहून तार

उजाडता उजाडता ख्वानने माळ्याच्या चौकटीतून हात खाली सोडला आणि त्याची बोटं लगेच ओली झाली. काल अंधार पडताना इथूनच त्याने बांबू खाली घालून पाहिला होता. तेव्हा पाणी चुलीच्या कट्ट्याला टेकलं होतं. आता कट्टा दिसत नव्हता, भिंतीवरचं कॅलेंडरही दिसत नव्हतं. गढूळ पाण्यात घरातलीच प्लास्टिकची खुर्ची उलटी तरंगत होती आणि माळ्याच्या फळ्यांना खालून धडका देत होती.

"किती आलंय?" मागून तिन्हने विचारलं.

"आहे अजून वेळ."

"वेळ आहे म्हणजे किती? लग्न झाल्यापासून एका प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं असेल तुम्ही तर शपथ."

किएन ज्यांग नदीच्या त्या सखल भागात दरवर्षी पाणी यायचं, म्हणून तर प्रत्येक घराला माळा होता. पाणी आलं की भाताची पोती, डुक्कर, पूर्वजांच्या तसबिरी सगळं वर चढवायचं, दोन दिवस सुकी रताळी चघळत बसायचं, पाणी ओसरलं की उतरून चिखल काढायचा. पण माळ्यापर्यंत पाणी आलेलं ख्वानने जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्याचं वय पंचाहत्तरीच्या पुढे गेलं होतं.

कोपऱ्यात भाताच्या पोत्यांना टेकून त्यांची सून लुआ बसली होती. दिवस भरलेले. नवरा लोय वसंतातच तैवानकडच्या मासेमारी जहाजावर गेला होता; तो भर समुद्रात, त्याला इथली काही खबर असणं शक्य नव्हतं. लुआने ओठ दाताखाली धरले होते. तिन्हने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग सरकत जवळ गेली.

"केव्हापासून?"

"मघापासून, आई. थांबून थांबून येतेय कळ."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगून काय केलं असतं तुम्ही? पाण्याला थांब म्हणाला असता?"

तिन्ह हसली आणि तिची पाठ चोळायला लागली.

शेजारच्या घराच्या कौलांवरून पातेलं बडवल्याचा आवाज येत होता. क्वे म्हातारीचा. ती एकटीच राहायची. तिचं घर मातीच्या विटांचं आणि बुटकं, म्हणून ती कालच कौलं काढून आढ्यावर जाऊन बसली होती. मध्ये फक्त एका गल्लीचं अंतर, पण त्या गल्लीतून आता नदीच वाहत होती.

"ख्वानभाऊ! बोट आली का?" ती ओरडली.

"येतेय!" ख्वानने फटीतून ओरडून सांगितलं. "बडवत राहा, क्वेताई!"

बोट येतेय हे त्याला खरंच वाटत होतं. काल दुपारी, रेडिओ बंद पडायच्या आधी, बोटी पाठवणाऱ्या स्वयंसेवकांचा नंबर त्यावर सांगितला होता. लुआचा चांगला फोन वर चढताना पाण्यात पडला होता; उरला होता ख्वानचा जुना बटणांचा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. फोन लावला की नुसता व्यस्त असल्याचा आवाज. म्हणून लुआने भराभर निरोप लिहून पाठवला होता: घर दोंग याऊला, देवळाजवळ, पाणी माळ्याकडे चढतंय, बाई बाळंत व्हायला आली आहे.

आता तोच फोन पिशवीत थरथरला. उत्तर आलं होतं. ख्वानने ते डोळ्यांजवळ धरून मोठ्याने वाचलं. काल संध्याकाळी एक बोट आणि आज पहाटे दुसरी, अशा दोन बोटी तुमच्या गावी येऊन गेल्या. देवळाच्या आसपास कोसळलेलं घर सापडलं नाही, दबलेलं माणूसही सापडलं नाही. तुम्ही नक्की कुठे आहात?

"कोसळलेलं घर?" लुआ म्हणाली. "मी कुठे लिहिलं घर कोसळलं म्हणून?"

ख्वानने तिचा कालचा निरोप उघडला. एकेका शब्दावर बोट ठेवून तो वाचला.

त्या फोनवर नुसती साधी सव्वीस अक्षरं होती. व्हिएतनामी भाषेतली डोक्यावरची टोपी, मिशी, पायाशी टिंब, वरची तिरकी रेघ, यांतलं एकही चिन्ह त्यावर उमटत नव्हतं. सगळेच लोक तसं लिहायचे आणि वाचणारा अंदाजाने समजून घ्यायचा. मराठीतून काना, मात्रा, वेलांटी काढून टाकली तर जे होईल, तेच. 'बाळंत व्हायला आली' आणि 'कोसळून दबलं' हे चिन्हांशिवाय अक्षर न् अक्षर एकसारखं दिसत होतं. आणि गावाचं नाव? दोंग याऊ म्हणजे तुतीचं शेत. नदीपलीकडे, पार दुसऱ्या टोकाला, दोंग दाऊ होतं, म्हणजे मुगाचं शेत. बोलताना कुणाची गफलत होणं शक्य नाही. पण लिहिताना दोन्ही डीनेच: साध्या डीचा उच्चार य, कण्यात आडवी रेघ असलेल्या डीचा द. ती रेघ आणि खालचं टिंब गेलं की दोन्ही गावं कागदावर एकच. देऊळ तर दोन्हीकडे होतं.

"ते मुगवाल्यांकडे गेले," ख्वान म्हणाला. "दोन वेळा."

पोत्यांमागे डुक्कर घुरघुरलं.

"द्या इकडे," लुआने हात पुढे केला. "मी परत लिहिते. लिहिते की तुतीचं गाव..." तेवढ्यात कळ आली आणि ती वाकली. फोन तिच्या हातून सुटला, फळीवर आपटून चौकटीकडे घसरला. ख्वानने झडप घालून धरला. बॅटरीची एकच काडी उरली होती.

काय लिहायचं? तुती लिहिलं तरी चिन्हांशिवाय तोच घोळ. नदीच्या अलीकडे म्हणावं तर नदी होती कुठे? सगळीकडे एकच समुद्र झाला होता. आणि ती पोरं कुठल्या कुठल्या शहरांतून आलेली. त्यांना अलीकडे काय नि पलीकडे काय. जो शब्द मनात यावा त्याला दोन तोंडं. ख्वानने फोन धरून ठेवला. बोट बटणावर, आणि बटण दाबवेना.

मग त्याला सुचलं ते इतकं जुनं होतं की आधी त्याचीच त्याला लाज वाटली.

तो तारमास्तर होता. विशीही गाठली नव्हती तेव्हा तारऑफिसात लागला. वर अमेरिकी विमानं घिरट्या घालायची आणि खाली खंदकात बसून त्याने कट्ट-कडकट्ट करत तारा पाठवल्या होत्या. तारेच्या यंत्रालाही चिन्हं कळत नव्हती, नुसती सव्वीस अक्षरं. म्हणून त्याच्याही आधीच्या लोकांनी एक तोड काढली होती. टोपीचा ओ हवा तर दोनदा ओ. रेघेचा डी हवा तर दोनदा डी. मिशीच्या अक्षरापुढे डब्ल्यू. आणि स्वराचा चढउतार? व्हिएतनामी शब्दाच्या शेवटी एस, एफ, आर, एक्स, जे ही अक्षरं कधीच येत नाहीत. रिकामी बसली होती बिचारी. त्यांना कामाला लावलं. चढता सूर असेल तर शेवटी एस, उतरता असेल तर एफ. पुढे टेलिप्रिंटर आला, टेलेक्स म्हणायचे त्याला; बोटांखालचं यंत्र बदललं, पण लिहायची रीत तीच राहिली. मग टेलिफोन घरोघर गेले, तारा बंद झाल्या, यंत्रं भंगारात वजनावर गेली. ख्वान निवृत्त झाला आणि ती रीत त्याच्या बोटांत तशीच राहून गेली.

"मी तारेसारखं लिहितो," तो म्हणाला.

तिन्हने लुआच्या कमरेखाली गोधडी सरकवता सरकवता मान वर केली. "काय?"

"तारेच्या अक्षरांत. म्हणजे मूग आणि तुती वेगळे दिसतील."

"दिसतील कुणाला? तुमच्या ऑफिसातले सगळे केव्हाच वर गेले. ती पोरं बघतील आणि म्हणतील, म्हाताऱ्याचा फोन भिजला, कायबाय उमटतंय."

"म्हणतील कदाचित."

"मग?"

"साधं लिहिलं तर ते तिसऱ्यांदा मुगवाल्यांकडे जातील. हे तर नक्की ना?"

तिन्हने लुआचे केस मागे सारले आणि म्हणाली, "लिहा. लवकर लिहा."

एकेका अक्षरासाठी तेच बटण दोनदा, तीनदा दाबायचं होतं. ख्वानच्या डोळ्यांना पडदा दिसत नव्हता, पण दाबलेलं मोजायची बोटांना सवय होती. 'दोंग'साठी आधी दोन डी, मग दोन ओ, एन, जी, शेवटी एफ. तार लिहायची तशीच त्याने ती लिहिली, एकही शब्द फुकट नाही. दोंग याऊ. दाऊ नव्हे. सून बाळंत होतेय. सुईण हवी. पाठवायचं बटण दाबलं. पडद्यावर छोटंसं पाकीट उडायला लागलं, उडतच राहिलं, आणि पडदा काळा झाला.

"गेलं?" तिन्हने विचारलं.

त्याने फोन हलवला, तळहातावर आपटला, बॅटरी काढून काखेत गरम करून परत घातली. काही नाही.

"गेलं," तो म्हणाला.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते त्याला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. पाणी फळ्यांच्या फटींतून वर यायला लागलं. त्याने भाताची पोती एकावर एक रचली आणि दोघांनी मिळून लुआला त्यावर चढवलं. मग त्याने कौलं काढायला घेतली, बाहेर पडायला वाट हवी म्हणून. बोटं सोलवटली. बांबूला पांढरा सदरा बांधून तो भोकातून बाहेर काढला आणि हलवत राहिला. बाहेर पाऊस, आभाळ आणि पाणी एकाच रंगाचं. क्वे आढ्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसली होती, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. तिने पातेलं वर करून दाखवलं.

"पोरीचं काय?" ती ओरडली.

"सुरू झालंय!"

"मग इकडे काय बघताय? तिच्याकडे बघा!"

तो खाली वाकला. लुआ आता ओरडत होती. लोयला शिव्या देत होती, त्याच्या जहाजाला, सगळ्या समुद्राला. "दे शिव्या, दे," तिन्ह म्हणत होती, "पण जोर लावून दे." लायटरच्या ज्योतीवर कात्री धरायचं काम ख्वानकडे आलं. त्याने तोंड फिरवून ती धरली. पाणी त्याच्या घोट्यांपर्यंत होतं.

बाळ आलं तेव्हा ते निळसर होतं. तिन्हने त्याला उलटं धरून पाठीवर चापट मारली. काही नाही. पुन्हा मारली. ख्वान मनातल्या मनात आई-वडिलांना हाका मारायला लागला, त्यांच्या तसबिरी या वेळी वर आणायच्या राहिल्या आणि पूर्वजांच्या चौरंगावरून कधीच वाहून गेल्या होत्या हे विसरून. मग बाळ खोकलं आणि रडलं.

"मुलगी आहे," तिन्ह म्हणाली. पण तिच्या आवाजात आनंद नव्हता. ती लुआच्या पायांकडे बघत होती. "रक्त थांबत नाहीये. अहो, थांबत नाहीये."

तिने होते नव्हते ते सगळे कपडे लावले. एक काढला की दुसरा. लुआच्या ओठांचा रंग गेला. "मला झोप येतेय, आई," ती म्हणाली.

"झोपायचं नाही. बघ तुझी पोर. बघ, नाक कुणाचंय. बघ म्हणते ना!"

त्याच वेळी बाहेर धप्प असा जड आवाज झाला, ओल्या मातीचा कडा ढासळतो तसा. ख्वानने भोकातून डोकं बाहेर काढलं. शेजारी घर नव्हतं. वासे, कौलं, केळीचं एक झाड हे सगळं एकत्र गोल फिरत वाहत चाललं होतं. आढं होतं तिथे पाणी होतं.

"क्वेताई!" तो ओरडला. "क्वेताई!"

पातेल्याचा आवाज आला नाही. त्याने बांबू लांब केला, कुणाला धरायला ते त्यालाही माहीत नव्हतं. घसा फाटेपर्यंत तो हाका मारत राहिला. खाली बाळ रडत होतं आणि तिन्ह लुआच्या गालावर चापट्या मारत होती, आणि वर पाऊस पडत होता. कुठल्या बाजूला बघावं तेच त्याला कळेना.

दुपार कलली तेव्हा इंजिनाचा आवाज आला. आधी त्याला भास वाटला. मग बांबूच्या बनाला वळसा घालून बोट दिसली. पुढे रेनकोट घातलेली एक जाडजूड बाई उभी होती, छातीशी पेटी धरून. बोट अजून लांब असतानाच ती ओरडली, "बाळंतीण कुठाय? झाली की व्हायचीय?"

बाळंतीण. ख्वान कौलांवर मटकन बसला. निरोप पोहोचला होता. कुणीतरी तो वाचला होता.

सुईणीचं नाव न्यान. ती भोकातून आत उतरली, लुआकडे एकदाच पाहिलं आणि पेटी उघडून इंजेक्शन दिलं. मग लुआचं पोट असं दाबून धरलं की तिन्हच ओरडली. "तुम्ही ओरडू नका, आजी. तिला ओरडू दे." हळूहळू रक्त कमी झालं. बोटवाल्याने आणि ख्वानने गोधडीची झोळी करून लुआला खाली घेतलं.

"शेजारी एक म्हातारी होती," ख्वान बोटवाल्याला म्हणाला. "आढ्यावर. आत्ता दुपारपर्यंत होती."

थाव नावाचा तो बोटवाला मासे मारणारा गडी होता. त्याने काही न विचारता बोट वळवली. वाहून गेलेल्या वाशांच्या मागे, केळीच्या झाडापर्यंत, खालच्या बांबूंपर्यंत तो फिरला. प्लास्टिकचा कागद एका फांदीला अडकलेला सापडला. बाकी काही नाही.

"काका, मला परत फिरायला हवं," थाव शेवटी म्हणाला. "या बाईला पोहोचवायचंय." आणि मग रागाने, स्वतःवरच्या की पाण्यावरच्या कोण जाणे, तो बोलला, "काल संध्याकाळीच आलो असतो हो आम्ही! पहारी नि दोर घेऊन तिकडे दोंग दाऊत पडलेलं घर शोधत बसलो. कुणी तसं लिहि..."

ख्वानने पटकन त्याच्या दंडावर हात ठेवला आणि डोळ्यांनी लुआकडे खूण केली. ती डोळे मिटून पडली होती, पोर छातीशी. तिने ऐकलं की नाही ते कळलं नाही. थाव इंजिनाकडे वळला.

टेकडीवरच्या शाळेत माणसांची दाटी होती. एका वर्गात दवाखाना केला होता. लुआला तिथे सलाईन लावलं आणि न्यानने बाहेर येऊन सांगितलं की ती जगेल. तिन्ह जमिनीवर बसली आणि बसल्याबसल्या झोपली, पोर मांडीवर तशीच. ख्वानच्या हातात कुणीतरी गरम नूडल्सचा वाडगा दिला. त्याला तो खाववेना.

ज्या बाकावर बरेच फोन चार्जिंगला लावले होते तिथे एक कॉलेजातली मुलगी बसली होती, केस वर बांधलेले, डोळे लाल. तिचं नाव उयेन. ख्वान तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"दोंग याऊचा निरोप कुणी वाचला, बाळ?"

"तुम्हीच का ते आजोबा? मीच वाचला." ती थकलेली असूनही हसली. "किती बरं झालं तुम्ही व्हिएतनामी कीबोर्ड चालू करायला विसरलात ते! सगळं सरळ कळलं. माझी आईपण नेहमी विसरते."

"कसला कीबोर्ड?"

"अहो, हा." तिने आपला फोन पुढे केला आणि अंगठ्याने दोनदा डी दाबला. दुसऱ्या डीबरोबर पहिल्याच्या कण्यात रेघ उमटली. दोनदा ओ, आणि ओवर टोपी बसली. शेवटी एफ, आणि एफ गायब, वर उतरती रेघ. "असंच लिहितो ना आम्ही. तुमचा कीबोर्ड बंद होता, म्हणून अक्षरं तशीच सुटी आली."

ख्वान बघत राहिला. "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. असंच असतं ते. सगळेच असं लिहितात. सेटिंगमध्ये नाव असतं, टेलेक्स."

"टेलेक्स म्हणजे काय, माहितीय?"

"नाव आहे ना त्याचं," उयेन म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून जरा गोंधळली. "का हो?"

"काही नाही," तो म्हणाला. जी सगळी मेली, भंगारात गेली असं तो समजत होता, ती अक्षरं या पोरीच्या अंगठ्यात होती, आणि तिला ठाऊकही नव्हतं. एरवी त्याने तिला बसवून खंदकातल्या यंत्राची सगळी कहाणी ऐकवली असती. आज त्याला फक्त फांदीला अडकलेला कागद दिसत होता.

उयेनने दुसरा फोन उचलला. "आजोबा, दोंग याऊच्या क्वे नावाच्या बाई तुमच्या ओळखीच्या का? त्यांची मुलगी दक्षिणेत, बिएन ह्वा शहरात कारखान्यात आहे. कालपासून विचारतेय. निरोपांच्या ढिगात गाडला गेला होता तिचा निरोप, आत्ता दिसला मला. तिला काय कळवू?"

"शेजारीण माझी," ख्वान म्हणाला. "दे, मी लिहितो."

"तुम्ही सांगा, मी लिहिते भरभर."

"नको. मीच लिहितो."

अशा तारा त्याने आयुष्यात खूप पाठवल्या होत्या. लढाईच्या दिवसांत तर रोज. पण त्या दुसऱ्यांनी सांगितलेल्या. त्याने ओला हात सदऱ्याला पुसला आणि गुळगुळीत काचेवर बोट ठेवलं. अक्षराला आवाज नव्हता, उलट धक्का नव्हता. तरी बोटं चालली. त्याने लिहिलं: आज दुपारी घर पडलं. आई गेली. मी शेजारीच होतो. चिन्हं आपापल्या जागी येऊन बसत गेली, एकही चुकलं नाही.

उयेनने त्याच्या खांद्यावरून वाचलं. "आजोबा," ती हळूच म्हणाली, "गेली म्हणजे... सापडत नाहीयेत, की वारल्या?"

व्हिएतनामीतही तो एकच शब्द होता, सगळ्या चिन्हांसकट. तो खोडून दुसरा कुठला लिहावा ते ख्वानला सुचलं नाही.

"राहू दे तसंच," तो म्हणाला आणि पाठवलं.

फोन खाली ठेवायच्या आधीच वाजला. बिएन ह्वाहून, क्वेताईच्या मुलीचा. उयेनने घ्यायला हात पुढे केला, पण ख्वानने मान हलवली, फोन कानाला लावला आणि तिकडून येणारी "काका? काका?" ही हाक ऐकली. मग त्याने जे पाहिलं होतं ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.